टरफल भिजेपर्यंत

प्रिय गंगारामभावजी,

आज सकाळी भोपळ्याचं रोप वर आलं आणि डोक्यावर बियेचं टरफल घट्ट तसंच! तुमचीच आठवण आली. "गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का?" असं हे विचारत होते. म्हटलं, तुमच्याच गिरणीतल्या सोबत्याला लिहितेय, गप्प बसा.

तो दिवस आठवतो? आईने गावाहून दिलेल्या चार बिया मी लालबागच्या आमच्या गॅलरीत, डब्यात लावल्या होत्या. आई गेलेली, तशा बिया पुन्हा कुठून मिळणार? दोन उगवल्याच नाहीत. तिसरीचं टरफल मी सुकंच ओढलं आणि मुंडकंच हातात आलं. मी मेली उतावळी! उरलं एक रोप.

तुम्ही संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातून आला होतात, घसा बसलेला. "वैनी, वढू नका. आदी भिजू द्या," म्हणत वाकलात आणि बोट जिभेला लावलंत. मी झटकन पाण्याचा तांब्या पुढे केला.

तुम्ही ओळखलंत. हसून म्हणालात, "गिरणीच्या साचेखात्यात, कापड इणताना, धागा तोंडानं वलवायचा आसतो, म्हून तितंबी आमाला घेत न्हाईत." मग थेंब थेंब पाणी सोडत तासभर बसलात आणि टरफल अलगद काढलंत. रागावलात का नाही हो? तोंडाने भावजी म्हणायचं आणि थुंकीचा विटाळ धरायचा! तुम्ही होतात तोवर मला चूक कबूल करता आली नाही. फार लाज वाटते.

वेल मात्र काय माजला होता! त्याच्याच बियांवर दर वर्षी आमची गॅलरी हिरवी असते.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली, भावजी. घसा बसवलात तुम्ही आणि पेढे खाल्ले आम्ही! थोडं थांबला असतात तर?

तर आज मी हात आवरला. शेजारच्या चाळीतून तुमच्या सखूबाईंना बोलावलं. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "तांब्या द्या वैनी. तुमाला पानीच लागतं, ह्यांनी सांगितलेलं."

म्हणजे घरी सांगितलं होतंत!

"पाणी नको," मी म्हटलं. "भावजी लावत होते तसंच बोट लावा."

त्यांनी लावलं. आमचा चहा होईतो टरफल सुटलं, दोन्ही पानं उघडली. फार बरं वाटलं.

आजवर तुमच्या घरी मी पाणीसुद्धा प्यायले नाही. यंदाचा पहिला भोपळा तुमच्या चुलीवर शिजेल, आणि मी तिथेच बसून पोटभर जेवेन. वाढायला सखूबाई आहेत. तांब्या मी घरीच ठेवून येईन.

तुमची उतावळी वैनी,
राधा