भरताच्या वांग्यात शिवलेलं पान

८ सप्टें.
वांग्यात शेंडेअळी. जिथं तिथं शेंड्यांनी माना टाकल्या. किडके शेंडे खुडताना एक रुंद पान हाताला जड लागलं. बघते तर शिवलेलं. कडांना भोकं पाडून कापसाच्या धाग्यानं ओढलेलं, सूनबाईच्या टाक्यापेक्षा बरं. आत शिंपी पाखराची पिल्लं. डोळे मिटलेले, तोंडं उघडी. आमच्या घरात असतात तशी.

९ सप्टें.
बांधावर बसून पाहिलं. चिमूटभर पाखरू, शेपटी उभी, आवाज भावकीला पुरून उरेल असा. पानाखाली उलटं लटकून अळ्या वेचतं. शेंड्याच्या आतली अळी मात्र त्याला काढता येत नाही. म्हणजे आपल्या कामाचं नाही.
पोरगा म्हणे, "माय, उद्या फवारतो." म्हटलं, पिल्लं उडू दे. "पाखरासाठी वांगी सडू देऊ का?"
सूनबाई हसली. "आत्याबाई, आमच्या पोरांचा इतका पुळका नाही आला कधी."
"तुझ्या पोरांले दूध होतं. यांले अळीच. अन् तिच्यावर तुझा नवरा विष टाकू राह्यला."

११ सप्टें.
खुडून खुडून बोटं काळी. बसवत नाही, झोपवत नाही. आज फळालाही भोक. चिरलं, आत नुसती घाण. पोराचंही खोटं नाही, तोडा तोंडावर आलाय.
शेवटी ठरलं. शिवलेलं पान आहे त्या नाल्याकडच्या सऱ्या माझ्या, तिथं हातानं खुडायचं. बाकी फवारायचं.

१२ सप्टें.
फवारलं. दुपारी तिकडच्या सऱ्यांत अळ्या गळून मातीत वळवळायला लागल्या. शिंप्याचं जोडपं तिकडंच. का नाही जाणार? आयतं ताट. ढेकळं मारली, पदर झटकला, शिव्या दिल्या. एक उडालं. दुसरं अळी घेऊन माझ्यासमोर पानात शिरलं.
सऱ्या आम्ही वाटल्या. पाखराला कोण सांगणार होतं?
पोरगा म्हणाला, "माय, चाल घरी, चहा घे."
"तू जाय."

१३ सप्टें.
सकाळीच गेले. शिंपी सरीतल्या काठीवर, चोचीत किडा. पानाकडं जातो, परत फिरतो. पिल्लांचा आवाज नाही. तसं मला ऐकायलाही कमीच येतं.
सूनबाई म्हणाली, "मी पाहू का उघडून?"
"हात नको लावू."
मी जवळ आहे म्हणून शिरत नसेल. बांधापर्यंत मागं आले. तरी काठीवरच. आणखी मागं सरले, मग विहिरीपर्यंत.
इथून पान दिसत नाही.