कोरी हजेरी

१६ सप्टेंबर

हजेरी घेणार नाही! आज विभागाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. परदेशी विद्यार्थ्यांनी दर तासाला यंत्रावर कार्ड टेकवायचं, मी बटण दाबून त्यांची यादी व्हिसा ऑफिसला रवाना करायची. आणि इथली पोरं? त्यांनी खुशाल घरी लोळावं. चौपट फी भरणाऱ्यावर पहारा, पाव फी भरणारा मोकळा! गुलामांच्या बाजारात निदान विकत घेणारा पैसे मोजत असे. इथं माल स्वतःच पैसे भरून येतो – हे वाक्य तिथंच सुचलं. टाळ्या पडल्या. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत बसले होते.

१९ सप्टेंबर

कुलगुरूंचं भाषण. 'जागतिक कुटुंब' अकरा वेळा. मोजलं. या गृहस्थांनी आयुष्यात एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं असेल तर ते विमानाचं वेळापत्रक. काचेची नवी इमारत, एजंटांचं कमिशन, यांचे दौरे – सगळं परदेशी फीवर. हिशेबनीस कानाशी लागला : "सर, तुमच्या वर्गातली ती नऊ परदेशी मुलं नसती तर इतिहास विभागाला कधीच कुलूप लागलं असतं." जणू मी त्याच्या खिशातून जेवतो!

२७ सप्टेंबर

आजही हजेरी नाही. चालताना पाठ आपोआप ताठ राहते.

४ ऑक्टोबर

तास संपल्यावर वहीवाली थांबली. नऊ जणांतली एक. सगळा वर्ग लॅपटॉप बडवत असतो, ही एकटी वहीत लिहिते आणि माझं म्हणणं खोडायचं असेल तर पान क्रमांकासकट खोडते. आज चेहरा उतरलेला.

"सर, हजेरी घ्याल का?"

"का? तू गुन्हेगार आहेस?"

"नाही, सर. पण व्हिसा ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, हजेरी कोरी राहिली की यंत्र आम्हाला गैरहजर धरतं. एका जरी विषयात चार आठवडे गैरहजर, की व्हिसा रद्द. आईने निवृत्तीची सगळी रक्कम माझ्या पहिल्या वर्षात घातलीय, सर."

मी हसलो. समजावलं. अगं, नऊ जणांची चौपट फी! कुठला दुकानदार आपणहून गिऱ्हाईक हाकलतो? तुमच्याशिवाय यांचं विजेचं बिल भरलं जाणार नाही. ताठ उभी राहा! बोलता बोलता मलाच स्फुरण चढलं. वीस मिनिटं झाली असतील. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे, सर. पण हजेरी घ्याल का?"

माणसाच्या पायातली बेडी काढली तर तो तिची पावती मागतो!

१५ ऑक्टोबर

नऊही जणांना पत्रं. दहा दिवसांत देश सोडा.

असं होऊच शकत नाही.

१६ ऑक्टोबर

साडेआठलाच व्हिसा ऑफिसच्या खिडकीशी उभा. 'नऊही विद्यार्थी प्रत्येक तासाला हजर होते' असं लिहून, सही करून दिलं. बाईंनी कागद परत सरकवला. "तुमच्या सहीला यंत्रात जागा नाही, सर. रोज एक बटण दाबायचं होतं." मग हळूच म्हणाल्या, "मी तीन पत्रं पाठवली होती तुम्हाला."

पाठवली होती. तिसरं मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं होतं – त्यातल्या भाषेची टर उडवायला.

कुलगुरू भेटले नाहीत. हिशेबनीस भेटला. म्हटलं, निदान फी तरी परत करा पोरांची. "पहिल्याच दिवशी जमा झालेली फी परत कशी मिळेल, सर?" म्हणजे दुकानात पाय ठेवायच्या आधीच पैसे घेऊन झालेले. मग गिऱ्हाईक आत राहिलं काय नि बाहेर गेलं काय! एवढं साधं गणित – आणि मी, या विषयावर दोन-दोन तास बोलणारा दीडशहाणा.

२० ऑक्टोबर

जेवताना बायको म्हणाली, "तुझ्या भाषणाला टाळ्या कुणी वाजवल्या रे?"

"सगळ्यांनी."

"त्यातल्या किती जणांना सामान बांधावं लागतंय?"

भाजी वाढून घेतली. खाल्ली नाही.

२४ ऑक्टोबर

वहीवाली गेली. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर गाठली. माफी मागायला गेलो होतो, पण तोंड उघडलं तर व्याख्यानच बाहेर पडायला लागलं – व्यवस्था, नफा, इतिहास साक्षी आहे! तिने हात वर करून थांबवलं.

"सर, आईला काय सांगू, तेवढंच सांगा. थोडक्यात."

थोडक्यात मला काही येत नाही. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. तिची बॅग उचलून डिकीत ठेवली. तेवढंच.

६ नोव्हेंबर

कुलगुरूंचं पत्र. आमचा विभाग बंद होणार नाही. रिकाम्या झालेल्या नऊ जागा प्रतीक्षायादीतून भरल्या – जुनी फी ठेवून घेतली, नवी जमा झाली. यंदा सगळ्यांत जास्त फायदा इतिहासाचा. खाली त्यांच्या हाताने लिहिलेली एक ओळ : 'आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.'