पटकथेतला अडथळा

१० जून १९४५, रविवार, सकाळी

माधवने पटकथा लिहिली आहे. पुण्याच्या एका सिनेमा कंपनीतल्या गृहस्थांनी त्याला दसऱ्यानंतर बाड घेऊन भेटायला बोलावलं आहे. पसंत पडलं तर कथा विभागात तिथेच ठेवून घेणार. ह्यांचं म्हणणं, कलेक्टर कचेरीत शब्द टाकून ठेवलाय, मुलाने ती जागा का सोडावी? काल जेवताना बापलेकांचा तह झाला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी कादंबऱ्या वाचलेली. तेव्हा मी पटकथा तपासायची. मी चांगली म्हटली तर पुणे, नाहीतर कचेरी.

म्हणजे एकुलत्या एका मुलाचं भवितव्य माझ्या अहवालावर. जबाबदारीची जाणीव आहे.

संकल्प: आई म्हणून वाचायची नाही, टीकाकार म्हणून वाचायची. आठ दिवसांत अहवाल.

१३ जून

सुरुवात झाली नाही. लोणच्याच्या कैऱ्या आल्या.

मात्र एक योग जुळून आला. कॅम्पात एका कर्नलच्या सामानाचा लिलाव होता. ह्यांनी तिथून टेबललॅम्प आणला आणि त्यासोबत पुस्तकांचा एक गठ्ठा फुकट मिळाला. त्यात सिनेमाच्या कथेची परीक्षा कशी करावी यावर कुणा अमेरिकन माणसाचं पुस्तक आहे. आधी शास्त्र, मग परीक्षा. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, दमयंतीला डिक्शनरी लागत नाही. (आज तीनदाच लागली.)

लॅम्प पेटत नाही.

२४ जून

शास्त्र समजलं. दोन प्रश्न विचारायचे. नायकाला काय हवं आहे? त्याच्या वाटेत अडथळा कोणता? अडथळा नसेल तर कथा नाही, असं त्या अमेरिकन माणसाने जाड अक्षरात छापलं आहे.

माधवची कथा सोनई गावातली. नायक गोरक्ष. त्याला नाटक कंपनीत पडदे रंगवायला जायचं आहे. बाप म्हणतो, तुझी आई हो म्हणाली तर जा. आई आज सांगते, उद्या सांगते. शेवटी तो जातो.

अडथळा शोधला. सापडला नाही. बाप तयार, मुलगा हुशार, रेल्वे चालू. मोठाच दोष आहे. माधवला तसं सांगितलं. तो म्हणाला, आईचं काम नीट वाचलंस का. मी म्हटलं, वाचलं, ती बाई काहीच करत नाही. त्याने ते पान उघडून बाड पुन्हा माझ्यापुढे ठेवलं. टीका सहन करायला शिकलं पाहिजे.

५ जुलै, दुपारी

शेवटचा सीन वाचला. स्टेशन. गाडी सुटते आणि आई डबा घेऊन फलाटावरून धावते.

साफ खोटं. घरंदाज बाई फलाटावर धावत नाही. मला पुण्याला बोर्डिंगात पाठवलं तेव्हा माझी आई दारापर्यंतसुद्धा आली नाही. स्वयंपाकघरात ताक घुसळत बसली होती. टांगा हलला तरी आतून रवीचा आवाज येत होता. पुढे बाबांनी सांगितलं, त्या दिवशी लोणी इतकं घुसळलं गेलं की पातळ होऊन गेलं. पण ती धावली नाही. वळूनवळून बघत होते ती मी.

समासात लिहिलं: सीन काढावा.

आज ताक करायचं राहिलं.

२२ जुलै

पुस्तकात म्हटलंय, कथा सामान्य प्रेक्षकाला वाचून दाखवावी. चातुर्मास लागला आहे. शेजारच्या आक्काबाईंकडे दुपारी पोथी असते, दहाबारा बायका जमतात. पोथी संपल्यावर माधवचं बाड वाचायचं ठरवलं. आयता प्रेक्षक.

२६ जुलै

प्रयोग यशस्वी होत आहे. फक्त प्रेक्षकांना पद्धत कळत नाही. आक्काबाईंनी बाड लाल कापडात बांधून चौरंगावर ठेवलं. सीनच्या शेवटी मी 'फेड आऊट' म्हटलं की सगळ्या हात जोडतात. काल कुणीतरी पहिल्या पानाला हळदकुंकू लावलं. माधवने पाहिलं आणि म्हणाला, कंपनीत दाखवायचंय ते. मी म्हटलं, शुभच आहे.

३ ऑगस्ट

अनपेक्षित पेच. आज शेवट वाचला. गोरक्षची गाडी सुटली, फेड आऊट. कुणी उठेना. आक्काबाईंकडचा नियम असा की पोथीत माणूस प्रवासाला निघाला तर तो घरी पोचल्याशिवाय पोथी बांधायची नाही. दूधवाली रंगुबाईही दारात बसून ऐकत होती. तिने विचारलं, "पोरगं वाटंतच ठिवलं व्हय वो बाई? त्याच्या आईला घास जाईल का त्यो?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिथल्या तिथे शेवट बदलला. गोरक्षची दौंडला गाडी चुकते, तो घरी येतो, आई पिठलं करते. सगळ्यांनी समाधानाने हात जोडले. पोथी बांधली. साखर वाटली.

नवा शेवट कितीतरी सरस. लोकमत आहे, मी काय करणार?

४ ऑगस्ट

माधवला नवा शेवट सांगितला. तो म्हणाला, मग कथा कशाची उरली? मी म्हटलं, घराची. तो न जेवता उठला. पित्त असेल.

१७ ऑगस्ट

लढाई संपली. कॅम्पात बँड चालू आहे. हे म्हणाले, आता कचेरीतल्या जागा परतणाऱ्या शिपायांना द्यायच्या म्हणतात, तेव्हा तुझा अहवाल काय तो लवकर दे. कलेत घाई चालत नाही, असं मी शांतपणे सांगितलं.

संकल्प: येत्या सोमवारपर्यंत अहवाल.

२८ ऑगस्ट

सोमवारी चष्म्याची काडी मोडली. कापडबाजारातल्या चष्मेवाल्याकडे दिली आहे. चष्म्याशिवाय लिहिणं म्हणजे लेखकावर अन्याय. (पोथी पाठ आहे, ती वाचते.)

१४ सप्टेंबर

गणपती. मोदक. चष्मा आला, पण पुस्तक सांगतं की कथा तीनदा वाचावी. माझ्या दोनच वेळा झाल्या.

माधव आता विचारत नाही. पूर्वी संध्याकाळी ओट्यापाशी बसून काहीबाही सांगायचा, आता किल्ल्याकडे एकटाच फिरायला जातो. घरात असूनही दिसत नाही. मी त्याच्या आवडीची थालीपिठं केली. चांगली झालीत म्हणाला आणि अर्धं ठेवलं.

३ ऑक्टोबर

तिसरं वाचन चालू. नवे दोष सापडले: गोरक्षचं धोतर पहिल्या सीनमध्ये पांढरं, सहाव्यात मळकं. खुलासा नाही. सोनईत इतक्या चिंचा आहेत का, याचीही चौकशी केली पाहिजे. त्यासाठी दसऱ्यानंतर सोनईला जाऊन यावं लागेल.

७ ऑक्टोबर, रविवार

हे सहसा माझ्या वाचनात तोंड घालत नाहीत. आज सुपारी कातरताना विचारलं, अडथळा सापडला का. मी म्हटलं, नाही ना, तोच तर मुख्य दोष.

हे तीस वर्षं कोर्टात शिरस्तेदार होते. म्हणाले, "आम्ही कोर्टात एवढंच बघायचो. तारखा कोण मागतंय. अडथळा तिथं असतो."

कोर्टातल्या माणसांना कलेतलं काय कळणार?

७ ऑक्टोबर, दिवेलागणीला

या वहीची मागची पानं चाळली. आठ दिवस. सोमवार. चष्मा. तिसरं वाचन. सोनईच्या चिंचा.

मग बाड उघडून गोरक्षच्या आईचं काम पुन्हा वाचलं. आज सांगते, उद्या सांगते. पापड वाळवायचे आहेत, मग सांगते.

ही बाई काहीच करत नाही असं मी म्हटलं होतं.

अहवाल लिहिला. एका ओळीचा. चांगली आहे, माधवने पुण्याला जावं. खाली सही केली. टीकाकार या नात्याने एक अट मात्र घातली: स्टेशनचा सीन काढावा. तत्त्व ते तत्त्व.

माधव अहवाल वाचून माझ्या पायाशी बसला. म्हणाला, सीन काढतो, पण तो खोटाच आहे अशी तुझी खात्री आहे ना? मी म्हटलं, सिद्ध करून दाखवते. तू जाशील त्या दिवशी मी स्टेशनवर येणारच नाही. घरातून निरोप. ताक घुसळत बसेन.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी

माधव दुपारच्या गाडीने गेला. ठरल्याप्रमाणे मी घरी राहिले. हे आणि तो टांग्यात बसले. मी रवी हातात घेतली.

तेव्हा लाडवांचा डबा फळीवर दिसला.

डबा विसरला तर नेऊन देणं याला स्टेशनवर जाणं म्हणत नाहीत. दुसरा टांगा केला. मी पोचले तर शिट्टी झाली, गाडीला हिसका बसला आणि मी धावले. सांगायला हरकत नाही, बरीच धावले. एक चप्पल मागे राहिली. पदर कुठे होता ते ह्यांना विचारायचं धाडस नाही. शेवटच्या डब्यापासून इंजिनाजवळच्या डब्यापर्यंत माधव, माधव करत गेले. त्याच्या हातात डबा दिला आणि तोंड फिरवून उभी राहिले.

गाडी सुटत नव्हतीच. इंजिनाने नुसती जागा बदलली होती. पाणी भरायचं होतं.

मग अर्धा तास आम्ही तिघं समोरासमोर. बोलण्यासारखं सगळं मी धावतानाच बोलून टाकलं होतं. माधव खिडकीत लाडू खात होता. ह्यांनी माझी चप्पल शोधून आणली आणि पायाशी ठेवली.

खरी शिट्टी झाली तेव्हा मला जागचं हलता आलं नाही. माधव वाकून म्हणाला, "आई, सीन ठेवू ना?"

मी म्हटलं, "ठेव. पण गाडी वेळेवर सोड."

आत्ता आक्काबाई डोकावून गेल्या. बाड गेलं, चौरंगावरचं लाल कापड रिकामं पसरलंय, बांधून ठेवू का म्हणाल्या.

म्हटलं, राहू दे. माणूस अजून वाटेत आहे.