दंडावरची गाठ

आईला विबियाचा रोमहून नमस्कार. तू बरी असशील तर मीही बरी आहे.

काल ज्युनोमातेचा सण झाला. यांनी मला कानातले दिले आणि आमच्या संसारासाठी घरच्या देवांपुढे धूप घातला. आठवा महिना लागलाय, पण जेवण नीट जातं, काळजी करू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे?

सकाळी सासूबाईंबरोबर फुलं घेऊन देवळात गेले. पुजारीण दारातच प्रत्येकीला विचारत होती, "अंगावर कुठे गाठ नाही ना? गाठ राहिली तर बाळ अडतं." मी केस मोकळे सोडले होते, कंबरपट्टा काढला होता, चपलांचे बंदही सोडले होते. बिनधास्त "नाही" म्हटलं.

परतताना दंड खाजवला आणि तुझा दोरा हाताला लागला! लग्नादिवशी तू बांधलेला, लोकरीचा. दोन वर्षांत तो मला अंगाचाच वाटायला लागला होता. देवीच्या दारात खोटं बोलले गं मी.

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईने दोरा बांधलाय की बैल?" त्यांनी सुई घातली, दात लावले, गाठ सुटेना. मग सुरी आणली. मी हात मागे घेतला. कापलेली गाठ देवी सुटलेली मानेल का?

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. सारखी दंड चाचपते.

घाबरण्यासारखं काही नाही. फक्त वेलींची छाटणी राहिली तर राहू दे आणि ये. तू बांधलीस, तूच सोड. आलीस की पाणीसुद्धा विचारणार नाही, आधी दंड पुढे करीन.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी विबिया