उघड्या छातीवरची पोर

केनवड, ता. ९ जानेवारी १९३६

चि. भाऊ शालिग्राम यास गोजराबाईचे अनेक आशीर्वाद. इकडची खुशाली लिहावी अशी नाही.

सूनबाई तुळसा परवा बाळंत झाली. माहेरी तिले माय नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडंच. पोरगी झाली, पण आठवा लागायच्या आतच. माझ्या दोन मुठीत मावते. पाय आडाच्या पाण्यासारखे गार. तुळसाले ताप आहे. सुईण म्हणे, बाजेखाली शेगडी ठेवा, दारं लावा, रोज ऊन पाण्यानं आंघोळ घाला. सारं करून राह्यली. धुरानं मायलेकी खोकलतात, अन् आंघोळीनंतर पोरगी निळी पडते. रडतही नाही. पोरीचा बाप, आपला उकंडराव, दारातून पाहतो अन् चोरासारखा निघून जातो.

मी थकली, शालिग्राम. तू शाळामास्तर झाला, पुस्तकं वाचली. त्यात यावर काही असलं तर लिही. नसलं तरी लिही. बहिणीवर माया राहू दे.

गोजराबाई

किन्हीराजा, ता. १२ जानेवारी

ती. बाईस शालिग्रामचा सा. न. वि. वि.

पुस्तकं सारी चाळली. राजेरजवाडे सापडले, बाळंतिणीची खोली कुठंच नाही. शेवटी तांड्यावरची कमलीबाई जळतण घेऊन आली, तिला विचारलं. तिचा सोमला असाच वेळेआधी झाला होता. आज तो बैलाला शिंगं धरून थांबवतो. तिनं मलाच झापलं. म्हणे, मास्तर, कोंबडी अंड्याखाली शेगडी ठेवते काय?

तिचं सांगणं असं. शेगडी बाहेर काढा, आंघोळ बंद. पोरीला उघडी करून उघड्या छातीवर धरा, कातडीला कातडी लागली पाहिजे. वरून लुगड्यानं बांधा, डोक्याला कापूस भरलेलं टोपरं, नाक मोकळं. तुळसाचं दूध पिळून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजा. रात्रंदिवस असंच, खाली ठेवायचं नाही. आईला झेपत नसेल तर दुसऱ्या कुणाचीही छाती चालते. तिनं आपल्या नवऱ्याला बसवलं होतं. हे लिहायला संकोच वाटतो, तरी उकंडरावला वाचून दाखव.

शाळेची तपासणी आहे, येता येत नाही, त्याचा राग धरू नको. तू स्वतः दोन घास वेळेवर खात जा. लहान भावावर कृपा असू दे.

शालिग्राम

केनवड, ता. २४ फेब्रुवारी

चि. शालिग्राम यास आशीर्वाद. इतके दिवस पत्र नाही, कारण हात मोकळे नव्हते. पोरगी जिवंत आहे.

पहिले आठ दिवस मीच भिंतीले टेकून बसली. पाठीचं लाकूड झालं. नवव्या दिवशी डुलकीत माझी मान पोरीवर पडली, ते उकंडरावनं पाह्यलं. त्यानं बंडी काढली अन् म्हणाला, माय, दे इकडे. तूर वावरात उभीच राह्यली. शेजारचा गोविंदसिंग हसला. म्हणे, भाऊ, दूधही पाजता काय? हा म्हणाला, येत असतं तर पाजलं असतं. मग कोणी हसलं नाही. पुढं तुळसाचा ताप उतरला, तशी तीही धरू लागली.

काल पोरगी लुगड्यात राहीना. हातपाय झाडून अशी वरडली की उतरवावीच लागली. पाय धरून पाह्यले, ऊन होते. सारं घर हसलं. मी मागच्या आंगणात जाऊन रडली.

उकंडरावच्या आधीच्या माझ्या तिघी तुले आठवत नसतील, तू लहान होता. त्याही अशाच आल्या, वेळेआधी, थंडीच्याच. सांगितलं तसं मी त्यायले धुतलं, फडक्यात गुंडाळलं अन् सुपात निजवलं. कमजोर लेकरू जास्त हाताळू नये, म्हणत. एकीलेही मी छातीशी धरलं नाही. उकंडराव भरल्या दिवसांचा होता, म्हणून राह्यला.

कमलीबाईले माझा नमस्कार सांग. अन् तिले विचार, का हे तिले कोणी शिकवलं, अन् केव्हा. नको, विचारू नको. नमस्कारच सांग.

तुझी बाई, गोजरा