दोरवळे आडनावाची वाटणी

मी, खाली सही करणार, आडनाव दोरवळे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दोर वळण्याचा, राहणार वळणपट्टीच्या पुढच्या टोकाला, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांच्या डोक्याचा दाखला मी मागितलेला नाही. हे लिखाण मी कोणाच्याही दबावाखाली करत नाही. दबाव आणायला धाकटा भाऊ दोनदा येऊन गेला, त्याला दोन्ही वेळा चहा पाजून वाटेला लावले. मला बायको नाही, मूल नाही. वकीलबाई म्हणाल्या की मी काही न लिहिता गेलो तर सगळे कायद्याने धाकट्या भावाकडे जाईल. हे ऐकले त्याच दिवशी मी कागद विकत आणला.

कलम १. माझ्या मालकीचे काय आहे

रस्त्याच्या बाजूला दुकान, त्याला लागून दोन खोल्या, आणि मागे वळणपट्टी. पट्टी दोनशे ऐंशी पावले लांब आणि पाच पावले रुंद आहे. पलीकडच्या टोकाला आणखी एक खोली आहे, तिच्याबद्दल पुढे येईल. ज्यांनी दोर वळताना कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी (म्हणजे माझ्या आडनावाच्या जवळजवळ सर्वांसाठी) सांगतो. कमरेला वाख, म्हणजे घायपाताचे सुटे तंतू, गुंडाळायचा, त्याचे टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचे, दुसऱ्याने चाक फिरवायचे आणि आपण धागा सोडत उलट पावली मागे जात राहायचे. चाक फिरवणारे माणूस आणि चालणारे माणूस दिवसभर समोरासमोर असतात. शंभर पावलांपुढे बोललेले ऐकू येत नाही, मग हाताने खुणा करायच्या.

माझे चाक चव्वेचाळीस वर्षे एकाच बाईने फिरवले. तिचे आडनावही दोरवळे. गल्लीत तिला चाकवाली म्हणतात, मीही इथे तेच लिहितो. ती पलीकडच्या टोकाच्या खोलीत राहते. या धंद्यात माणूस जिच्याकडे बघत असतो तिच्यापासूनच लांब जात असतो. मला ते चव्वेचाळीस वर्षांत एक दिवसही आवडले नाही, हे एकदाचे कुठेतरी लिहायचे होते.

कलम २. आडनाव कसे मिळाले, याची छापील हकिगत

आमच्या आडनावाचे एक मंडळ आहे. धाकटा भाऊ त्याचा अध्यक्ष. तो जन्मभर जमीनमोजणीच्या कचेरीत होता, त्यामुळे दुसऱ्याची हद्द कुठे संपते हे त्याला पक्के ठाऊक आहे आणि स्वतःची कुठे संपते ते अजून सापडायचे आहे. मंडळाने कुळाचा इतिहास छापला. पहिल्या आवृत्तीत मूळ पुरुषाने पुरात वाहून जाणाऱ्या राजाला दोर टाकून वाचवले आणि राजाने खूश होऊन आडनाव बहाल केले. दुसऱ्या आवृत्तीत राजाची राणी झाली, कारण मुखपृष्ठ काढणाऱ्याला राणी चांगली काढता येत होती. तिसरीत पूर जाऊन आग आली. आगीत दोर टाकून काय साधते ते विचारायचे नसते.

मंडळाच्या दहाव्या मेळाव्यात मंचावर फलक लावला होता, ‘एक आडनाव, एक रक्त’. दोर मी फुकट दिला. सभागृहात चारशे दोरवळे, त्यांपैकी एकालाही गाठ मारता येईना. शेवटी तिघांनी मिळून काहीतरी गुंडाळले. अध्यक्षांनी “आपल्या हाताला पूर्वजांची कला आहे” असे म्हणताच फलक अध्यक्षांच्याच डोक्यावर आला. नाव मोठे, लक्षण खोटे. मग चाकवालीने स्टुलावर चढून तो बांधला, तेव्हा कुठे भाषण पुढे सरकले. तिचे आभार मानायचे राहिले, असे इतिवृत्तात लिहिलेले नाही.

कलम ३. आडनाव कसे मिळाले, याची खरी हकिगत

माझी पुतणी, म्हणजे याच अध्यक्षांची मुलगी, नकाशे काढायच्या नोकरीत आहे. दोरवळे कुठेकुठे आहेत याचा नकाशा बापानेच तिला करायला सांगितला. तिने दोनशे चौदा घरे शोधून लाल टिकल्या लावल्या. टिकल्यांचे चार पुंजके पडले. एक बंदराजवळ, एक खाणीपाशी, एक जुन्या विहिरींच्या माळावर आणि एक आमच्या इथे. भावाने ताबडतोब जाहीर केले की आपल्या पूर्वजांनी चार दिशा जिंकल्या.

पुतणी माझ्याकडे येऊन म्हणाली, “काका, जिंकलं बिंकलं काही नाही. जिथे दोर लागायचा तिथे हे आडनाव आहे. बंदरातल्यांचा आणि खाणीतल्यांचा काही संबंधच नाही. काम होतं तिथे नाव उगवलं.”

“आणि आपल्या इथले?” मी विचारले.

तिने पिशवीतून एका जुन्या नोंदवहीची नक्कल काढली. सरकारने सर्वांना आडनाव लावायची सक्ती केली त्या वर्षी एक कारकून सकाळी या पट्टीवर आला. कामावर सात माणसे होती. त्याने सातही नावे लिहिली, पहिल्यापुढे आडनाव ‘दोरवळे’ असे लिहिले आणि खाली सहा वेळा ‘कित्ता’ ओढले. आधीचा धंदा या रकान्यात एक सुतार आहे, दोन वीटभट्टीवाले, एक पळून आलेला शिपाई, एक दुकान बुडालेला हलवाई. जन्माने दोर वळणारा एकटा मुकादम. सातव्यापुढे शेरा आहे: ‘रस्ता विचारण्यास आला होता, मुकादमाने चाकावर बसवला.’

हा सातवा म्हणजे माझा आणि अध्यक्षांचा पणजोबा. वंशवृक्षात त्याचे नाव सर्वांत वर सोनेरी शाईत आहे. पहिला, म्हणजे मुकादम, हा चाकवालीचा पणजोबा. मुली वंशवृक्षात घेत नाहीत, म्हणून ती त्यात नाही. सात जणांत कोणी कोणाचा कोणी लागत नव्हता. आमचे एक रक्त ते हे.

भावाने नक्कल वाचली आणि घामाघूम झाला. “दादा, हे बाहेर जाता कामा नये. दोरवळे भवनाची कोनशिला कोरून झालीय.”

“कुठे बांधतोयस भवन?”

“असं काय करतोस? तुझ्या पट्टीवर. तुझ्यानंतर.”

कोनशिला मी पाहून आलो. अक्षर सुबक आहे. माझ्या नावामागे कैलासवासीही कोरले आहे, फक्त तारखेची जागा मोकळी ठेवली आहे.

कलम ४. जुने वैर

हे कलम काढून टाका असे वकीलबाई म्हणाल्या. मालमत्तेशी याचा संबंध नाही म्हणतात. मला विचाराल तर दुसऱ्या कशाचाच नाही.

मी सत्तावीस वर्षांचा आणि चाकवाली चोवीस वर्षांची असताना आम्ही लग्न करायचे ठरवले. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष माझे थोरले काका. त्यांनी दोघांना याच दुकानात उभे केले आणि विचारले, “एकाच आडनावाची तुम्ही. म्हणजे नातं काय झालं तुमचं? बहीण-भाऊ. जगाला तोंड कसं दाखवायचं?”

ती म्हणाली, “आमचं काही नातं नाही. असेल तर कागद दाखवा.”

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असे मी मानत होतो. खरे सांगायचे तर मला काकांची भीती वाटत होती, आणि दुकान तेव्हा त्यांच्या नावावर होते. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि ती पट्टीच्या पलीकडच्या टोकाला निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर चाकावर आली. त्या गोष्टीवर आम्ही पुन्हा बोललो नाही. तिने दुसरीकडे लग्न केले नाही, मीही नाही. काकांना मी माफ केलेले नाही. पण ते निदान स्वतःच्या मूर्खपणावर विश्वास ठेवून बोलले. मी तर विश्वास नसताना गप्प बसलो, आणि वर तीन वर्षे त्याच मंडळाचा चिटणीस होतो, छातीवर बिल्ला लावून. या प्रकरणातला मोठा गुन्हेगार मीच, याची नोंद असावी.

कलम ५. वाटणी

वळणपट्टी, दुकान, तिन्ही खोल्या, चाक, आकडे, दोर टेकवायच्या लाकडी घोड्या आणि शिल्लक वाख हे सर्व माझ्या पश्चात चाकवालीचे. तिने ते विकावे, वापरावे किंवा कुलूप लावून ठेवावे, कोणी तिला विचारू नये. मंडळाने तिला तहहयात सभासदत्व देऊ केले आहे, त्या बदल्यात खोली रिकामी करून हवी आहे. त्या सभासदत्वावरचा तिचा हक्क मी तिच्या वतीने सोडायला तयार आहे.

धाकट्या भावास: कुळाच्या इतिहासाच्या न खपलेल्या तीनशे प्रती, ज्या माझ्या दुकानात सहा वर्षे वाख ठेवायच्या जागेवर बसल्या आहेत. माझा बिल्लाही त्यालाच. कोनशिला तो कुठेही लावू शकतो, मात्र तिच्यावरचे माझे नाव खोडून. भाऊ म्हणून माझा त्याच्यावर राग नाही, हे खोटे वाटेल म्हणून लिहीत नाही. लहानपणी तापात तो माझा हात धरून झोपायचा. तेवढे सोडले तर राग आहे.

पुतणीस: नोंदवहीची नक्कल आणि तीन खाचांचा लाकडी ठोकळा. याच्या खाचांतून तीन पदर जातात आणि एक दोर होतो. ती एकदा सहज म्हणून पट्टीवर आली आणि बारा पावले दोर वळून गेली. सैल होता, पण दोर होता. नक्कल तिने छापावी. बाप रागावेल, रागावू दे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो काय आज बदलणार आहे?

डॉक्टरांस: माझी छत्री, जी गेली दोन वर्षे त्यांच्याकडेच आहे.

कलम ६. आडनावाची वाटणी

“आडनाव मृत्युपत्रात देता येत नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

“कारकुनाला एका सकाळी सात जणांना वाटता आलं, मग मला का नाही?”

“त्याच्याकडे शिक्का होता.”

शिक्का माझ्याकडे नाही. तेव्हा हे कलम इच्छा म्हणून वाचावे, हुकूम म्हणून नाही. ज्याला किंवा जिला बारा पावले दोर वळता येईल आणि ओझे टांगल्यावर तो तुटणार नाही, त्याने हे आडनाव खुशाल लावावे, जन्म कुठलाही असो. बाकीच्यांचे मी काढून घेत नाही. दंतवैद्य, विमावाले, अध्यक्ष, सगळ्यांनी ठेवावे. फक्त ते रक्तातून आले असे सांगत फिरू नये. ते चाकावर बसल्यामुळे आले. आमच्या घरात तर पत्ता चुकल्यामुळे आले.

कलम ७. हे मृत्युपत्र रद्द कसे होईल

मसुदा वाचून दाखवताना वकीलबाई सहज म्हणाल्या की हे केल्यावर मी लग्न केले, तर कायद्याने हे सबंध मृत्युपत्र आपोआप बाद होते. त्यांनी मला सावध करायला म्हणून सांगितले. मी त्यांना वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

काल संध्याकाळी काम संपल्यावर मी पट्टीच्या पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेलो, सरळ पावली. चाकवाली दाराशी वाख झाडत होती. नोंदवहीची नक्कल तिच्या हातात दिली. तिने ती वाचली, परत पहिल्या ओळीपासून वाचली.

“म्हणजे मी तेव्हा बरोबर बोलले होते,” ती म्हणाली.

“हो.”

“कागद नव्हता तेव्हाही.”

“हो.”

मग मी विचारायचे ते विचारले. शब्द नीट आले नाहीत. तिने नकलेची घडी घातली.

“आधी मृत्युपत्रावर सही कर,” ती म्हणाली. “तुझा काय भरवसा, परत कोणी डोळे वटारले तर? निदान माझी खोली तरी राहील. मग बघू.”

म्हणून ही सही. तिने नकार दिला तरी कलम पाच जसेच्या तसे राहील. ते कशाच्याही बदल्यात दिलेले नाही. हे पुन्हा विचारायला चव्वेचाळीस वर्षे उशीर झाला तो माझ्या बाजूने झाला आहे, तेव्हा तिने हवा तेवढा वेळ घ्यावा. मला मात्र हे सगळे लिखाण लवकरात लवकर बाद व्हावे असे मनापासून वाटते.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला, दोन ठिकाणी चिडलो आणि कायम केला.

ठिकाण: दोराचे दुकान, पुढची खोली
तारीख: चालू महिन्याची नववी, गुरुवार

सही: दोरवळे, दोर वळणारा

साक्षीदार १: समोरचा सायकल दुरुस्तीवाला (सही)
साक्षीदार २: टपालवाली, या गल्लीची (सही, कलम चार वाचून पेन परत मागितले आणि सही पुन्हा, ठळक केली)

शेरा, एकोणीस दिवसांनी, माझ्याच हाताने:

वरील मृत्युपत्र आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बाद झाले. नवे करायचे आहे, ते दोघे मिळून सांगू; पुतणीचा ठोकळा आणि डॉक्टरांची छत्री त्यात राहील. विवाह नोंदणीच्या कचेरीत खिडकीपाशी आम्ही दोघे उभे होतो. कारकुनाने अर्ज खालपासून वरपर्यंत पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“आडनाव दोघांचं एकच दिसतंय. नातं काय तुमचं आपसात?”

“आजवर काहीच नाही,” मी म्हणालो. “ते लावून घ्यायलाच आलोय.”