तिसऱ्या बाकावर कळलेली बातमी

अहो,

एस्तेरला घेऊन दोनच्या गाडीनं देगलूरला आईकडं चालले. भाकरी डब्यात हायत. प्रभुभोजनाचे पेले धुऊन ठेवलेत.

उपासना सुटल्यापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालून राहिले. नेपाळला सेवेला जायला मी न्हाई म्हणलं नसतं. पण तुम्ही वेदीपाशी उभं राहून 'आम्ही सहकुटुंब बुटवलला चाललोत' म्हणालात, अन् तिसऱ्या बाकावर बसून मलाबी ते तवाच कळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. पाळकाची बायको ना!

संध्याकाळी मंडळीला माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगू नका. गाडी धरून देगलूरला या, अन् त्यांना जे सांगितलं ते मला एकदा विचारा.

सुवार्ता